बोट ठेवायला जागा

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी मराठी व्याकरणाच्या तासाला हमखास भेटते. पहिल्या शब्दात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. संगणकाच्या पोटात हे दोन्ही शब्द आठ-आठ चिन्हांचे असतात: आ, च, काना, र, पाय मोडल्याची खूण, य, काना, स. त्यांतलं चौथं चिन्ह तेवढं वेगळं. एका शब्दात साधा ‘र’, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’. आता समजा, एखाद्या पडद्यावर आचाऱ्याचा आचार्य होऊन बसला. चूक कोणाची? लिनक्सवर मराठी लिहिताना हा शब्द निदान पाच हातांतून जातो. कोणती कळ दाबल्यावर कोणतं चिन्ह पाठवायचं, हे आयबससारखी यंत्रणा पाहते. लिब्रऑफिससारखा प्रोग्रॅम ती चिन्हं साठवतो. हार्फबझ त्या चिन्हांची जोडाक्षरं जुळवतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवतो, पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या आधी आणून ठेवतो. (नावातला ‘हर्फ’ म्हणजे आपल्याला उर्दूतून माहीत असलेला, अक्षर या अर्थाचा शब्द, मूळ नाव फारसी आहे.) लागणारे आकार फॉन्ट पुरवतो, लोहित हा असाच एक फॉन्ट, ज्याचं बरंचसं काम पुण्यातल्या अभियंत्यांनी केलं. शेवटी फ्रीटाइप त्या आकारांचे पडद्यावरचे ठिपके बनवतो. हे सगळे प्रकल्प ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. पण प्रत्येकाची माणसं वेगळी, देश वेगळे, तक्रारवही वेगळी, आणि बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं.

अशा साखळीत तक्रारीचं काय होऊ शकतं, याचा अंदाज सरकारी कचेरीत फाईल फिरलेली पाहणाऱ्या कोणालाही येईल. लिब्रऑफिसवाले फॉन्टकडे पाठवतात, फॉन्टवाले जुळणीकडे, जुळणीवाले कीबोर्डकडे. यात कोणी कामचुकार नसतो. प्रत्येकाच्या डोक्यात साखळीचं चित्र वेगळं असतं, इतकंच. आता हीच साखळी कागदावर मांडून पाहा. पाच चौकटी, त्यांच्यामध्ये चार बाण, आणि प्रत्येक बाणाखाली त्यावरून काय जातं त्याची नोंद: पहिल्या दोन बाणांवरून चिन्हांचे क्रमांक, हार्फबझच्या पुढे फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा. लगेच प्रश्नाचं रूप बदलतं. ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीच्या जागी ‘दुसऱ्या बाणावरून ऱ गेला की र?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत तपासता येतं. मला वाटतं, ओपन सोर्समध्ये आकृतीचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. समजावून सांगणं, शोभा आणणं ही कामं ती करतेच. पण त्याआधी ती परक्या माणसांना ‘इथे चुकतंय’ म्हणून बोट ठेवायला एक समाईक जागा देते. हे मान्य केलं, तर आकृती कशी असावी याचंही उत्तर मिळतं: जिच्यावर बोट ठेवता येतं, आणि ठेवणाऱ्याला ती दुरुस्तही करता येते, अशी.

बोट ठेवायला चित्र सोपं आणि मजकूर अवघड, असं का? जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९८७ साली नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांनी कप्प्या आणि दोऱ्यांचं एक गणित घेतलं, भूमितीतली सिद्धता घेतली, आणि तीच माहिती वाक्यांत मांडली तर सोडवणाऱ्याला किती शोधाशोध करावी लागते आणि चित्रात मांडली तर किती, याचा हिशेब केला. वाक्यांत एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी पानभर विखुरलेल्या असतात. ‘ही दोरी त्या कप्पीवरून जाते’ हे तिसऱ्या ओळीत, तर ‘त्या कप्पीला वजन टांगलंय’ हे अकराव्या. चित्रात दोरीच्या टोकाशीच कप्पी असते आणि कप्पीच्या खालीच वजन. नजर एका ठिकाणी गेली की लागणारी सगळी माहिती शेजारीच सापडते. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘कधीकधी’ हा शब्द कंसात आहे, आणि तो नजरेआड करून चालणार नाही. चित्राचा फायदा जागेमुळे मिळतो. जागा नीट नेमली नसेल, तर ते चित्र फक्त अवघड मजकूर होऊन बसतं.

एका कचेरीत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही जागा फुकट मिळते, कारण भिंतीवर फळा असतो. मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरांचा २००७ साली अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की त्यांच्या बऱ्याचशा आकृत्या फळ्यावर, बोलता-बोलता काढलेल्या आणि नंतर पुसलेल्या असतात. हे रास्तच आहे. माणूस समोर असला की रेघ वाकडी आली तरी हाताने सांगता येतं. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी उबुंटूवर काम करणाऱ्यांकडे पाहिलं. उबुंटू म्हणजे २००४ पासून चालत आलेली लिनक्सची एक लोकप्रिय मांडणी, आणि तिला जगभरातून हातभार लागतो. तिथे चित्र उलटं निघालं. एकत्र बसणारी माणसं ज्या प्रसंगी सहज आकृती काढतात, अशा अनेक प्रसंगी उबुंटूवाले ती काढतच नव्हते. जिथे समोरासमोर बसणं नाही, म्हणजे जिथे आकृतीची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती कमी, हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. पण त्याची कारणं कळण्यासारखी आहेत. या मंडळींचं सगळं बोलणं लिखित असतं. लिहिताना मध्येच फळ्याकडे वळता येत नाही. वेगळा प्रोग्रॅम उघडा, चौकटी ओढा, चित्र साठवा, कुठेतरी चढवा, मग त्याचा पत्ता द्या. आणि एवढं करून समोरच्याला त्यातला एक बाण बदलायचा असेल, तर त्याच्याकडे तोच प्रोग्रॅम आणि मूळ फाइल दोन्ही हवेत.

मग ओपन सोर्समधल्या लोकांना आकृती नकोच असते का? तसंही नाही. स्वीडन आणि स्पेनमधल्या संशोधकांच्या एका गटाने २०१६ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळावरचे बारा लाखांहून अधिक प्रकल्प चाळले. त्यांना यूएमएल या ठरावीक चित्रलिपीतल्या आकृत्या ३,२९५ प्रकल्पांत सापडल्या. आकृत्या एकूण २१,३१६. बारा लाखांत तीन हजार म्हणजे चारशेत जेमतेम एक. पण पुढच्याच वर्षी यातल्या काहींनी अशा प्रकल्पांतल्या लोकांना ‘का काढता?’ असं विचारलं. ४५८ प्रकल्पांतून ४८५ जणांनी उत्तरं दिली, आणि त्यांतून पुढे आलेलं सर्वांत मोठं कारण होतं मिळून काम करता येणं. फायदा कोणाला होतो, तर नव्याने आलेल्यांना, आणि ज्यांनी स्वतः आकृती कधी काढली नाही त्यांना. या शेवटच्या मुद्द्यात सगळी अडचण दडली आहे. काढणारा एक, उपयोग दुसऱ्याला. ज्या जगात प्रत्येकाचं नाव त्याने लिहिलेल्या कोडाच्या ओळींवरून ओळखलं जातं, तिथे दुसऱ्याची वाट सोपी करणारं हे काम मोजलं जात नाही, म्हणून होत नाही.

बोट ठेवण्याचं म्हणतो, ते प्रत्यक्षात कसं दिसतं, याचं एक उदाहरण इंटरनेटच्या पायातच आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९३ हा दस्तऐवज निघाला. टीसीपी, म्हणजे दोन संगणकांनी बोलणं सुरू कसं करायचं, टिकवायचं कसं आणि संपवायचं कसं, याचे नियम त्यात आहेत. हा दस्तऐवज स्वतः सॉफ्टवेअर नव्हे. पण बीएसडी युनिक्स आणि लिनक्ससारख्या, जगभरातल्या अनोळखी हातांनी लिहिलेल्या प्रणाली त्याच्याच आधाराने एकमेकींशी बोलतात. त्यात एक आकृती आहे. जोडणी ज्या अवस्थांतून जाते त्या अकरा अवस्थांच्या चौकटी आणि एकीतून दुसरीत जाण्याचे बाण, सगळं कीबोर्डवरच्या चिन्हांनी काढलेलं. अधिकच्या चिन्हाचे कोपरे, आडव्या रेघेच्या कडा, उभ्या रेघेच्या बाजू. प्रत्येक बाणाशी लिहिलंय: काय आलं की निघायचं, आणि निघताना काय पाठवायचं.

आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, आरएफसी ११२२ आला, आणि त्याने या आकृतीतल्या उणिवा तीन मुद्द्यांत मांडल्या. ‘सिन-सेंट’ अवस्थेकडून ‘सिन-रिसीव्ह्ड’ अवस्थेकडे जाणाऱ्या बाणावरची नोंद चुकली आहे; तिथे ‘सिन’ आणि ‘ॲक’ हे दोन्ही संकेत पाठवायचे असं हवं, कारण पान ६८ वरचा मजकूर तसं सांगतो. ‘सिन-रिसीव्ह्ड’कडून परत ‘लिसन’कडे, विशिष्ट परिस्थितीत, आणखी एक बाण असू शकतो. आणि ‘फिन-वेट-१’ मधून थेट ‘टाइम-वेट’मध्ये जाता येतं. इतकंच. या बाणावरची नोंद चूक, इथे एक बाण राहिला, तिथे दुसरा. पहिल्या मुद्द्यात तर मजकूर बरोबर होता आणि आकृती चुकली होती. पण दोन्ही एकाच दस्तऐवजात असल्यामुळे एकावरून दुसरं तपासता आलं. आकृती चुकली म्हणून तिचा उपयोग संपला, असं मी म्हणणार नाही. ती इतकी नेमकी होती की तिची चूक दोन-तीन ओळींत सांगता आली, आणि ज्याला सांगितली त्याला ती लगेच कळली. ‘या प्रकरणातला मजकूर काहीसा संदिग्ध आहे’ अशा तक्रारीतून कोणाला काय दुरुस्त करता येईल?

दुसरं उदाहरण गिटचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहायला घेतलेलं हे साधन आज बहुतेक ओपन सोर्स प्रकल्प बदलांची नोंद ठेवायला वापरतात. त्यात ‘रिबेस’ नावाची एक आज्ञा आहे, आणि नवशिक्या माणसाला ती शब्दांत सांगणं फार कठीण. गिटच्या स्वतःच्या माहितीपानावर ती अशी सांगितली आहे: खालच्या ओळीत डी, ई, एफ, जी ही अक्षरं, म्हणजे एकेक बदल, आडव्या रेघांनी जोडलेली, ईपासून एक तिरकी रेघ वर जाते आणि वरच्या ओळीत ए, बी, सी. ही झाली आधीची स्थिती. नंतरच्या चित्रात वरची ओळ ईवरून सुटून जीला लागलेली, आणि ए, बी, सी यांच्या डोक्यावर प्रत्येकी एक लहानशी टिकली. सगळं सार त्या टिकलीत आहे. ती सांगते की हे तेच बदल नव्हेत, त्यांच्या नव्या प्रती आहेत. आणि दुसऱ्या कोणी जुन्या प्रतींवर काम उभारलं असेल, तर त्याची पंचाईत होणार. दोन माणसं रिबेसवरून वाद घालू लागली की पुष्कळदा असंच एक चित्र त्याच संदेशात, त्याच कीबोर्डवरून काढतात. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, म्हणूनच ते काढलं जातं.

या दोन्ही उदाहरणांत समान गोष्ट कोणती, तर आकृती ज्या सामानाची, बाकीचं कामही त्याच सामानाचं. कोड मजकुरात, चर्चा मजकुरात, आणि चित्रही मजकुरात. याचं महत्त्व गिटमध्येच स्पष्ट दिसतं. छायाचित्रासारख्या फाइलमधली आकृती कोणी बदलली, तर गिट फक्त एवढंच कळवतं की या दोन बायनरी फाइल्स वेगळ्या आहेत. कोणता बाण हलला, कोणाचं नाव बदललं, काही कळत नाही. तपासणाऱ्याने दोन चित्रं शेजारी-शेजारी धरून डोळे फोडून घ्यायचे. हीच आकृती मजकुरात असेल, तर बदललेली ओळ लाल-हिरव्या रंगात समोर येते, आणि त्या ओळीवर कोडावर करतात तशीच टिप्पणी करता येते. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या ग्राफविझची ‘डॉट’ भाषा, २००९ पासूनचं प्लँटयूएमएल, २०१४ मध्ये सुरू झालेलं मर्मेड, ही सगळी साधनं याच वाटेवरची. आपण लिहायचं की अमक्यापासून तमक्याकडे बाण आहे. चौकटी कुठे बसवायच्या हे प्रोग्रॅम बघतो. फेब्रुवारी २०२२ पासून गिटहब मर्मेडमध्ये लिहिलेली आकृती पानावर थेट चित्र म्हणून दाखवू लागलं. माझ्या मते हा बदल वरवर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. आकृती दुरुस्त करण्याचा परवाना तिच्या मूळ चित्रकाराकडून निघून सगळ्यांच्या हाती आला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांचा. १९८६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी म्हटलं की सॉफ्टवेअर मुळातच अदृश्य आहे. इमारतीला नकाशा असतो कारण इमारत जागेत उभी असते. सॉफ्टवेअरला जागाच नाही. त्याची आकृती काढू गेलं तर एक निघत नाही, एकमेकांवर पसरलेल्या अनेक निघतात: नियंत्रण कुठून कुठे जातं त्याची एक, माहिती कशी वाहते त्याची दुसरी, कोण कोणावर अवलंबून आहे त्याची तिसरी, काळाच्या क्रमाची आणखी वेगळी. हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण ते लागू पडतं संपूर्ण सॉफ्टवेअरच्या एकाच आकृतीला. दोन अनोळखी माणसांचा वाद संपूर्ण सॉफ्टवेअरवर कधीच नसतो. तो यांतल्या एका थरावर, बहुधा एका बाणावर असतो. टीसीपीची आकृती फक्त अवस्था दाखवते, बाकीचं सोडून देते. ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या दस्तऐवजाची जागा घेणारा आरएफसी ९२९३ आला, तेव्हाही ती आकृती कीबोर्डच्या चिन्हांतच राहिली. तिच्या खाली टिपा आल्या. एक टीप सांगते की ‘फिन-वेट-१’मधून ‘टाइम-वेट’कडे जाणारी वाट या आकृतीत दाखवलेली नाही. काय गाळलं ते नाव घेऊन सांगणं, ही ब्रुक्स यांच्या आक्षेपाला मिळालेली मोठी प्रामाणिक दाद आहे.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला: कोड पुढे जातो, आकृती मागे राहते, आणि शिळी आकृती दिशाभूल करते, त्यापेक्षा कोडच वाचावा. शिळेपणाचा धोका खरा आहे. पण कोडातल्या टिपाही शिळ्या होतात, माहितीपुस्तिकाही होतात, आणि म्हणून त्या लिहूच नयेत असं कोणी म्हणत नाही. आकृती किती लवकर शिळी होते हे ती कोडापासून किती लांब राहते यावर ठरतं. कोडाच्या शेजारच्या फाइलमध्ये असेल, तर कोड बदलणाऱ्याला त्याच पॅचमध्ये आकृतीची एक ओळ बदलायला सांगता येतं. यावर कोणी म्हणेल, मग कोडातून यंत्रानेच आकृती काढावी. डॉक्सिजन हे काम ग्राफविझच्या मदतीने करतं, आणि अशी आकृती कधी शिळी होत नाही. पण मी अशा आकृत्यांबद्दल साशंक आहे. काय गाळायचं हे यंत्राला कळत नाही. शंभर चौकटींचं जाळं निघतं, ज्यात प्रत्येक बाण खरा असतो आणि महत्त्वाचा कोणता ते कळायला मार्ग नसतो. माणसाने काढलेल्या सात चौकटींत एक दावा असतो: माझ्या समजुतीप्रमाणे हे असं चालतं. खोडायला दावा लागतो.

मजकुरातून चित्र काढण्यात एक तोटा मात्र आहे, आणि तो मला झाकायचा नाही. लार्किन आणि सायमन यांच्या म्हणण्याप्रमाणे चित्राचा फायदा जागेतून येतो. आणि डॉट किंवा मर्मेडमध्ये जागा ठरवणं आपण यंत्रावर सोडून देतो. दोन संबंधित चौकटी पानाच्या दोन टोकांना जाऊन पडतात, बाण एकमेकांना छेदतात. हाताने काढलेल्या चिन्हचित्रात जागा आपल्या ताब्यात राहते, पण मधे एक चौकट घालायची तर सगळ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागतात. पूर्ण तोडगा कुठल्याच साधनात नाही. लहान, फारशी न बदलणारी आकृती हाताने मांडावी आणि बदलती आकृती यंत्राकडून मांडून घ्यावी, इतपत तडजोड करता येते. दृष्टिहीन प्रोग्रॅमरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्यांचा स्क्रीन रीडर चिन्हांनी काढलेली चौकट वाचू लागला की ‘डॅश, डॅश, डॅश’ एवढंच ऐकू येतं. मर्मेडमध्ये आकृतीला शीर्षक आणि वर्णन देण्याची सोय आहे. ती वापरलीच पाहिजे. ज्या आकृतीशेजारी तीच गोष्ट सांगणारी चार वाक्यं नाहीत, ती आकृती मी अपुरी समजतो. चार वाक्यं आणि आकृती यांत विसंगती निघाली, तर काय होतं हे पान ६८ ने दाखवलंच आहे.

पुन्हा आचाऱ्याकडे येऊ. डॉट भाषेत चौकटींची नावं देवनागरीत लिहिता येतात. ‘आयबस’, मग वजाचिन्ह आणि कोनदार कंस मिळून झालेला बाण, मग ‘लिब्रऑफिस’, पुन्हा बाण, ‘हार्फबझ’, ‘फॉन्ट’, ‘फ्रीटाइप’: एवढ्या एका ओळीत सुरुवातीची आकृती मावते. पण ती अपुरी आहे. मराठीतला हा ‘ऱ्य’ टंकायची आणखी एक जुनी रीत आहे: साधा र, पाय मोडल्याची खूण, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. दिसायला शब्द तोच, पण चिन्हं आठाऐवजी नऊ, आणि म्हणून एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच याची खात्री नाही. ही दुसरी वाट आकृतीत नाही हे एखाद्या मुद्रितशोधकाच्या किंवा डीटीपी करणाऱ्याच्या लक्षात सर्वांत आधी येईल; त्याने सी भाषेची एक ओळही वाचलेली नसली तरी. त्याने आकृतीत एक चौकट आणि एक बाण, म्हणजे मजकुराची एक ओळ, वाढवून पाठवायची. तपासणाऱ्याला ‘आचाऱ्यास’ दोन्ही रीतींनी टंकून पाहिलं की पुरे.